मुंगळ्याची ओळख

यंदा व्याख्यानमालेत आम्ही मुंगळ्यावर बोलणार असे कळल्यावर आमच्या एका स्नेह्यांनी भर रस्त्यात आम्हांस थांबवून विचारले, "अहो, मुंगळ्यावर तासभर बोलण्यासारखे आहे तरी काय? दिसला की झाडून टाकायचा!" प्रश्न रास्त होता. साप, वाघ, गेला बाजार फुलपाखरू, यांच्यावर बोलावे; मुंगळ्यावर कोण बोलतो? परंतु आमच्याही आयुष्याची बरीच वर्षे मुंगळा झाडून टाकण्यातच गेली, आणि त्यापायी आमच्या घरातील एका चौकटीचा बळी गेला. ती हकिगत सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही.

सोलापुरातल्या एका जुन्या पेठेत आमचे वडिलोपार्जित घर. देवघराला आजोबांनी बसविलेली सागवानी चौकट होती. एका उन्हाळ्यात त्या चौकटीच्या खालच्या फटीतून मुंगळे ये-जा करताना दिसू लागले. आम्ही शहाणपणा केला. 'मुंगळे लाकूड पोखरतात' असे कुठेसे इंग्रजीत वाचले होते, म्हणून बाजारातून पांढरी पावडर आणली, फटीत भरली, सकाळी मेलेले मुंगळे केरसुणीने भरून टाकले आणि कृतकृत्य झालो. पुढल्या पावसाळ्यात कडी लावताना चौकटीचा खालचा हातभर तुकडा आमच्या हातात आला. आत लाकूड नव्हतेच. ओल्या मातीचे पापुद्रे होते. बोलावलेल्या वृद्ध सुताराने नुसती बोटाने माती उकरली आणि म्हटले, "मालक, ह्ये मुंगळ्याचं काम न्हवं. ही वाळवी. मुंगळं वाळवी खायला येत हुतं, ते तुम्ही मारलं."

आम्हांस त्या दिवशी फार लाज वाटली. शिकलेल्या माणसाने परदेशी पुस्तकात वाचलेला शब्द आपल्या घरच्या प्राण्याला चिकटवला होता. त्यानंतर भिंग घेऊन आम्ही मुंगळ्याच्या मागे लागलो, त्यास आता पुष्कळ वर्षे झाली.

त्या परदेशी शब्दाचेच आधी पाहू. इंग्रजीत या जातकुळीला 'सुतार मुंग्या' म्हणतात. युरोप-अमेरिकेच्या थंड अरण्यांत या कुळातील कित्येक मुंग्या ओंडक्यांत दालने कोरून राहतात, म्हणून ते नाव पडले. त्याही लाकूड खात नाहीत, हे ध्यानात ठेवावे. त्या ते कोरतात आणि भुसा बाहेर टाकतात. लाकूड पचविण्याची विद्या वाळवीची. पण एकदा कुळाला नाव मिळाले की ते सर्व भाऊबंदांना लागते. या कुळाच्या हजाराहून अधिक जाती जगभर पसरल्या आहेत, आणि त्यांपैकी पुष्कळ अशा मुलखात राहतात की जेथे कोरायला ओंडकाच नाही. आफ्रिकेच्या नैर्ऋत्येस नामिबचे वाळवंट आहे. तेथील वाळूच्या टेकड्यांवर याच कुळाची एक मुंगी झुडपांच्या मुळांशी घर करते आणि झुडपांतील रस शोषणाऱ्या कीटकांच्या गोड स्रावावर जगते. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मध्यभागात हिची आणखी एक बहीण आहे. तिच्या वारुळातील काही मुंग्या आपले पोट मधाने द्राक्षाएवढे फुगवून छताला लटकून राहतात व दुष्काळात घरादाराला घासघास देतात. सुताराच्या कुळात जन्मून या कोणी सुतारकाम करीत नाहीत. आपल्याकडे कुलकर्णी आडनावाचे सगळेच कुठे दप्तर लिहितात?

आपला मुंगळा याच कोरडवाहू शाखेतला. सोलापूर हे वाळवंट नव्हे, हे आम्ही जाणतो. परंतु पर्जन्यछायेतला हा माळ, त्यावरचे खुरटे गवत, बाभूळ-बोरी आणि एप्रिल-मे महिन्यांत अनवाणी पाय ठेवता येणार नाही अशी तापलेली जमीन, हे सारे त्या वाटेवरचेच आहे. राजस्थानच्या वाळूपासून दक्षिणेच्या टोकापर्यंत हाच मुंगळा आढळतो. त्याचे घर जमिनीत असते, बहुधा झाडाच्या बुंध्याशी, मुळांच्या आधाराने. कडुनिंबाखाली पाहा, बाभळीखाली पाहा. भर उन्हाळ्यात दुपारी त्या भोकाशी शुकशुकाट असतो. दिवे लागणीच्या सुमारास एक एक डोके बाहेर येऊ लागते, आणि रात्री बुंध्यावर रांग सुरू होते. सोलापूरचा माणूस मे महिन्यात जे करतो तेच.

आता ओळखायचे कसे? 'मोठा काळा तो मुंगळा' एवढ्यावर भागत नाही, कारण मोठ्या काळ्या मुंग्या आपल्या माळावर अनेक आहेत. दहापट मोठे दाखविणारे एक भिंग पुरे. प्रथम कंबर पाहावी. छाती आणि पोट यांच्या मध्ये एकच उभे पेर असेल तर आपण बरोबर मार्गावर आहोत. दोन पेरे असतील तर ती वेगळ्या घराण्याची. शेतात वारुळाभोवती भुसकटाचे कडे करणाऱ्या, दाणे साठविणाऱ्या मुंग्या या दोन पेरांच्या. मग पोटाचे टोक पाहावे. तेथे नांगी नसते. केसांची झालर असलेले एक गोल छिद्र असते. मुंगळा चावतो तो जबड्याने, आणि त्या जखमेवर या छिद्रातून आम्ल सोडतो. आग होते ती त्या आम्लाची. इंग्रजीत त्या आम्लाला 'फॉर्मिक' म्हणतात, ते मुंगीच्या 'फॉर्मिका' या लॅटिन नावावरूनच, कारण सतराव्या शतकात ते मुंग्यांपासूनच काढले गेले. तिसरी खूण छातीची. बाजूने पाहिले असता पाठीची रेघ मानेपासून कंबरेपर्यंत एका अखंड कमानीसारखी, मध्ये खाच न पडता, उतरत जाते. चौथी खूण थोडी नाजूक आहे: मिशांची मुळे वरच्या ओठाच्या पट्टीला चिकटून नसतात, थोडे अंतर राखून मागे बसविलेली असतात. या चार खुणा जुळल्या की कूळ ठरले. पाठीवर काटे असलेली चुलत बहीण आहे, ती काट्यांनीच वेगळी पडते.

कुळातून जात ठरविणे हे पुढचे काम. आपल्या मुंगळ्याचा रंग मंद काळा, पायांत आणि मिशांत तांबूस छटा. छातीचा मागचा भाग दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखा चपटा. पोटावर सोनेरी रेशमी लव चमकत असेल तर तो मुंगळा नव्हे. ती त्याच कुळातली दुसरी जात, सोलापूरच्या माळावर तीही दिसते आणि ती दिवसा उजेडी हिंडते. तिची एक रीत मोठी मजेची आहे. अन्न सापडले की ती घरी येऊन एकाच सोबतिणीला घेऊन निघते, आणि मागची पुढचीला सारखा मिशांनी स्पर्श करीत जाते. स्पर्श थांबला की पुढची थबकून वाट पाहते. गड्ड्याच्या जत्रेत पोरगे आईचा पदर धरून चालते, तसे.

जवळच्या जातींमधले फरक याहून बारीक, पायांवरचे केस आणि काटे, डोक्याचा घाट, अशा गोष्टींवरून ठरतात. आणि येथेच नवशिका फसतो. आम्हीही फसलो. एकाच भोकातून अर्ध्या बोटाच्या पेराएवढा, मोठ्या चौकोनी डोक्याचा मुंगळा बाहेर येतो आणि त्याच्या मागोमाग त्याच्या निम्म्या लांबीचा, अरुंद लांबट डोक्याचा दुसरा. आम्ही या दोन जाती समजून दोन बाटल्यांत भरल्या होत्या! वस्तुतः त्या एकाच आईच्या मुली. लहान सात-आठ मिलिमीटर, मोठी पंधराच्या आसपास, आणि मधल्या सर्व मापांच्या त्यांच्या दरम्यान. म्हणून एक मुंगळा पाहून निदान करू नये. एका वारुळातील दहा-वीस पाहावेत. पूर्वीच्या कित्येक शास्त्रज्ञांनीही राणी, नर आणि कामकरी यांना वेगवेगळी नावे देऊन ठेवली होती, आणि पुढल्या लोकांना ती निस्तरावी लागली.

आम्ही 'एकाच आईच्या मुली' म्हटले, तेव्हा काही श्रोत्यांच्या भुवया वर गेल्या असतील. मुंगी ती बायको आणि मुंगळा तो नवरा, असे आपण लहानपणापासून ऐकतो. हा आपल्या घराघरांतला सर्वांत मोठा गैरसमज. जमिनीवर चालताना दिसणारा प्रत्येक मुंगळा ही कामकरी मादी असते. रांगेत एकही नर नसतो. नर जन्मतो तो राणीने फलित न केलेल्या अंड्यातून. त्याला पंख असतात, डोके लहान, जबडा दुबळा, आणि त्याला कसलेही काम येत नाही. उड्डाणाचा दिवस उगवेपर्यंत बहिणी त्याला भरवतात. पावसाच्या दिवसांत एखाद्या दमट संध्याकाळी तो बाहेर पडतो, आणि मीलन झाले काय न झाले काय, थोड्याच वेळात मरतो. मुंगीला पंख फुटले की मरण जवळ आले, ही म्हण नराच्या बाबतीत अक्षरशः खरी आहे. राणीच्या बाबतीत मात्र नाही. ती खाली उतरते, आपले पंख स्वतःच मोडून टाकते, जमिनीत शिरते आणि पुढे वर्षानुवर्षे अंडी घालते. बेंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातील अभ्यासकांनी याच जातीच्या राण्यांच्या हालचाली नोंदविल्या. कुमारी राणीच्या हालचालीत दिवस-रात्रीची ठाम लय असते. मीलनानंतर, अंडी घालण्याच्या काळात, ती लय नाहीशी होते, असे त्यांना २००४ साली आढळले. बाळंतिणीला कसली रात्र आणि कसला दिवस, हे सांगायला आमच्या आजीला यंत्र लागले नसते, ही गोष्ट निराळी.

मग भाषा खोटी बोलते काय? आम्हांस तसे वाटत नाही. मराठीत डबी लहान आणि डबा मोठा, लोटी लहान आणि लोटा मोठा, आरी लहान आणि आरा मोठा. त्याच चालीने मुंगी लहान आणि मुंगळा मोठा. येथे लिंग हे आकाराचे माप आहे. डब्याला आपण डबीचा नवरा समजत नाही, मग मुंगळ्यालाच का समजावे? संस्कृतातही 'पिपीलिका' स्त्रीलिंगी, आणि मोठ्या काळ्या मुंगीसाठी कोशात 'पिपीलक' हा पुल्लिंगी शब्द दिलेला आहे. आपल्या शहराच्या पूर्वभागात तेलुगू बोलणारी घरे पुष्कळ. तेथे याला 'गंडुचीम' म्हणतात, आणि त्या 'गंडु'तही पुरुषत्वाचा अर्थ आहे. तीन भाषा एकाच वळणाने गेल्या. आम्हीही पुढे 'मुंगळा आला, मुंगळा गेला' असेच बोलणार. सवयीचे बळ मोठे. ऐकणाऱ्याने मात्र मनात दुरुस्ती करून घ्यावी.

असाच आणखी एक प्रकार अंड्यांचा. 'मुंगळे अंडी घेऊन निघाले, आता पाऊस येणार' असे आपण म्हणतो, आणि हे निरीक्षण फार जुने आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत पावसाच्या चिन्हांत ते नोंदविलेले आहे. पण तांदळाच्या दाण्याएवढी ती पांढुरकी पुडी म्हणजे अंडे नव्हे. अंडे खसखशीएवढे असते, ते सहसा नजरेस पडत नाही. तोंडात धरून नेतात तो कोश, आणि त्याच्या आत जवळजवळ पूर्ण वाढलेली बहीण झोपलेली असते.

या प्राण्याला शास्त्रात नाव कसे मिळाले, तेही ऐकण्यासारखे आहे. लिनियस या स्वीडिश पंडिताचा शिष्य योहान ख्रिश्चन फॅब्रिशियस याने सुमारे दहा हजार कीटकांना नावे दिली. त्याने १७८७ साली हिंदुस्थानातून आलेल्या या मुंगीचे काही लॅटिन शब्दांत वर्णन करून तिला 'फॉर्मिका कॉम्प्रेसा' म्हटले. म्हणजे चपटी, दाबलेली मुंगी. त्या काळी सगळ्या मुंग्या 'फॉर्मिका' या एकाच कोठारात टाकीत. पुढे १८६१ साली व्हिएन्नाच्या गुस्ताव मायरने या कुळाला वेगळे काढून 'कॅम्पोनोटस' नाव दिले. त्याचा अर्थ कमानदार पाठीची. तेव्हापासून आपला मुंगळा 'कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस'. पुस्तकात या नावापुढे फॅब्रिशियसचे नाव कंसात छापतात. तो कंस छपाईची हौस म्हणून नसतो. 'याने नाव दिले, पण कूळ पुढे बदलले' असा त्याचा ठरलेला अर्थ आहे. लग्नानंतर मुलीचे आडनाव बदलले तरी माहेर नोंदून ठेवावे, तसे.

आपल्या मुंबई इलाख्याचाही या कामात मोठा वाटा आहे. रॉबर्ट रॉटन नावाचे वनखात्यातील एक अधिकारी मुंग्या गोळा करून स्वित्झर्लंडला ऑगस्ट फोरेल यांच्याकडे पाठवीत. फोरेल हे व्यवसायाने वेड्यांचे डॉक्टर आणि छंदाने मुंग्यांचे पंडित. १८८३ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १८९२ पासून रॉटन यांचा 'आमच्या मुंग्या' आणि फोरेल यांची हिंदुस्थानच्या मुंग्यांवरील लेखमाला प्रसिद्ध होऊ लागली. अनेक मुंग्यांच्या नावांत रॉटन आजही आहेत. या सर्वांचे सार घेऊन कर्नल बिंगहॅम यांनी १९०३ साली मुंग्यांचा मोठा ग्रंथ सिद्ध केला, आणि कोणीही मुंग्या ओळखू लागला की त्याला अजूनही त्या ग्रंथाशी यावे लागते. आज भारतातील मुंग्यांच्या आठशेंहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत.

मात्र या परंपरेत एक दुखरी जागाही आहे. यांच्या आधी, १८५१ साली, टॉमस जर्डन या डॉक्टराने दक्षिण हिंदुस्थानातील मुंग्यांची यादी मद्रासच्या एका नियतकालिकात छापली. डोळा फार चांगला. पक्ष्यांवरचे त्यांचे ग्रंथ तर प्रसिद्धच आहेत. परंतु ज्या मुंग्यांवरून त्यांनी वर्णने लिहिली त्या मुंग्या राहिल्या नाहीत. परिणाम असा की जर्डनने म्हटलेली अमुक मुंगी नेमकी कोणती, यावर पुढच्या पंडितांना अंदाज बांधीत बसावे लागले. नव्या जातीचे वर्णन करावयाचे तर आज त्यासाठी एक नमुना प्रमाण म्हणून संग्रहालयात ठेवावा लागतो, तो कोठे, कधी, कोणी धरला याची चिठ्ठी त्याच्या टाचणीला लावावी लागते, आणि आजूबाजूच्या जातींच्या अशाच प्रमाण नमुन्यांशी ताडून पाहावा लागतो. हल्ली पेशीतील आनुवंशिक द्रव्याचा ताळाही घेतात. पण चिठ्ठी चुकली तर त्या द्रव्यालाही काही बोलता येत नाही.

राहता राहिला प्रश्न उपयोगाचा. तो व्यापारी शहरात विचारला जाणारच. मुंगळा हा साधुसंत नव्हे. बाभळीच्या कोवळ्या फांदीवर काट्यासारखे दिसणारे तपकिरी किडे बसलेले असतात. ते झाडाचा रस पितात आणि मागून गोड थेंब सोडतात. मुंगळे मिशांनी त्यांना थोपटून तो थेंब घेतात, आणि त्या बदल्यात त्या किड्यांच्या शत्रूंना पिटाळून लावतात. गवळ्याने म्हशी राखाव्यात तसा प्रकार. ज्वारीवर मावा पडून पानांवर चिकटा आला की तेथेही मुंगळा हजर. शेतकरी म्हणतो, मुंगळ्याने रोग आणला. आणला नाही, पण आलेल्या पाहुण्याची सरबराई मात्र तो करतो, एवढे कबूल केले पाहिजे. दुसऱ्या बाजूस घोसाळ्याचा वेल पाहा. त्याच्या फुलांबाहेरही मधाचे बारीक ठिपके असतात. त्यांवर येणारे मुंगळे वेल कुरतडणाऱ्या किड्यांना त्रासदायक ठरतात, असा अभ्यास काशी हिंदू विद्यापीठात झाला आहे. मेलेले किडे, उष्टेखरकटे आणि वाळवी, यांची तो रोज वाट लावतो. केवळ गोडावर एवढा मोठा देह कसा पोसतो, याचेही उत्तर मिळाले आहे: या कुळाच्या आतड्यांच्या पेशींत एक सूक्ष्म जंतू पिढ्यान्‌पिढ्या वस्तीला आहे, आणि प्रथिनांसाठी लागणारी द्रव्ये तो तयार करून देतो. राणी आपल्या अंड्यांतून तो पुढच्या पिढीला देते.

आपल्या नान्नजच्या माळावर १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झाले, ही मोठी गोष्ट झाली. पण माळ म्हणजे पडीक जमीन, ही आपली समजूत अजून गेलेली नाही, आणि पडीक जमिनीवर कोण राहते याची यादी कोणी करीत नाही. माळढोक किडे टिपतो. ते किडे कोणते, हे त्याच माळावर गुडघे टेकून पाहावे लागते.

ज्यांना पाहावयाचे आहे त्यांच्यासाठी शेवटी थोडी कृती. संध्याकाळी कडुनिंबाच्या बुंध्याशी सुपारीएवढा गुळाचा खडा ठेवा आणि पाव तास हलू नका. प्रथम एकच येईल. ती पोटभर खाईल आणि न रेंगाळता परत जाईल. मग काही वेळाने त्याच वाटेने अनेक जणी येतील. त्यांतल्या मोठ्या डोक्याच्या किती, लहान किती, हे मोजा. दोन-चार लहान बाटलीत स्पिरिटमध्ये ठेवा, भिंगाखाली कंबरेचे पेर आणि पाठीची कमान पाहा, आणि चिठ्ठी लिहा: गाव, झाड, तारीख, वेळ.

आमच्या पहिल्या बाटलीवरची चिठ्ठी अजून कपाटात आहे. सोलापूर, घरामागील कडुनिंब, १२ एप्रिल, सायंकाळी ७. सर्व काही नीट लिहिले आहे. साल लिहावयाचे राहिले. ते आता आम्हांसही आठवत नाही. निंब त्यानंतर रस्तारुंदीत गेला.